डेट्रॉइटचे झीलकरी

पोवाडा संपला की शाहिराचं नाव लोकांच्या तोंडी राहतं. मागे उभं राहून 'जी जी रं जी' ओढणाऱ्या झीलकऱ्यांची चौकशी कुणी करत नाही. 'फोर टॉप्स' या डेट्रॉइटच्या गायक-चौकडीच्या बाबतीत गेली साठ वर्षं हेच चालत आलं आहे. सोल संगीताचा कुणीही रसिक घ्या, त्याला लीव्हाय स्टब्स माहीत असतो. तो काकुळतीला आलेला, घशाच्या कडांवर घासत वर चढणारा आवाज एकदा ऐकला की विसरता येत नाही. मला मात्र फार पूर्वीपासून ओढ लागली ती त्याच्या मागच्या तिघांची. लॉरेन्स पेटन, रेनाल्डो ऊर्फ ओबी बेन्सन आणि अब्दुल ऊर्फ ड्यूक फकीर. या तिघांविषयी मिळेल ते वाचत गेलो, आणि माझं मत असं बनलं की फोर टॉप्सचा खरा इतिहास या मागच्या रांगेत आहे. त्याचं श्रेय मात्र बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाच्या तरी नावावर जमा झालं.

आधी एक नवल सांगायला हवं. १९५३ साली डेट्रॉइटमधल्या एका वाढदिवसाच्या पार्टीत ही चार पोरं पहिल्यांदा एकत्र गायली. लीव्हाय आणि ड्यूक पर्शिंग हायस्कूलचे, ओबी आणि लॉरेन्स नॉर्दर्न हायस्कूलचे. पुढे २० जून १९९७ ला लॉरेन्स पेटन यकृताच्या कर्करोगानं गेला, तोपर्यंत चौघांपैकी एकही बदलला नाही. चव्वेचाळीस वर्षं! त्यांच्याच गावच्या, त्यांच्याच कंपनीच्या 'टेम्प्टेशन्स'कडे पाहा. डेव्हिड रफिनला १९६८ मध्ये काढलं, १९७१ मध्ये एडी केन्ड्रिक्स गेला, आणि त्यानंतर किती आले नि किती गेले याचा हिशेब ठेवणं अवघड. मोटाउन कंपनीत तेव्हा एक रीतच पडून गेली होती. गट गाजला की पुढच्या गायकाचं नाव वेगळं काढून आधी लावायचं. 'सुप्रीम्स'चं 'डायना रॉस अँड द सुप्रीम्स' झालं, 'मिरॅकल्स'चं 'स्मोकी रॉबिन्सन अँड द मिरॅकल्स' झालं. 'लीव्हाय स्टब्स अँड द फोर टॉप्स' मात्र कधी झालं नाही. लीव्हायच्या आवाजाइतकाच मला त्याचा हा मोठेपणा महत्त्वाचा वाटतो.

सुरुवातीची दहा वर्षं झटपट ओलांडतो. आधीचं नाव 'फोर एम्स'. पण 'एम्स ब्रदर्स' नावाचा गट आधीच गाजत होता, म्हणून १९५६ मध्ये चेस कंपनीची रेकॉर्ड निघताना ते 'फोर टॉप्स' झाले. चेसनंतर १९६० मध्ये कोलंबिया, १९६२ मध्ये रिव्हरसाइड. एकही रेकॉर्ड चालली नाही. पोट भरत होतं नाइटक्लबांवर आणि गायक बिली एक्स्टाइनबरोबरच्या दौऱ्यांवर.

पण या अपयशाच्या वर्षांतच लॉरेन्स पेटन घडला. चौघांत दुसरा टेनर तो. पहिला टेनर ड्यूक, खर्ज ओबीचा, आणि लीव्हाय बॅरिटोन. कोणत्या ओळीला कुणी कोणता सूर धरायचा हे लॉरेन्स ठरवायचा. ज्या क्लबांत ते गात, तिथल्या श्रोत्यांना जॅझच्या वळणाची, जवळजवळच्या सुरांची दाट संगती आवडे. 'फोर फ्रेशमेन'सारख्या गोऱ्या जॅझ-चौकड्यांची ती शैली. लॉरेन्सनं ती या चौघांच्या गळ्यात बसवली. त्यामुळे १९६३ मध्ये मोटाउनच्या मालकानं, बेरी गॉर्डीनं, त्यांना कंपनीत घेतलं, तेव्हा सोलच्या मुख्य दुकानात घेतलंच नाही. 'वर्कशॉप जॅझ' या कंपनीच्या आडबाजूच्या लेबलसाठी त्यांच्याकडून जुन्या लोकप्रिय गाण्यांचा एक अख्खा अल्बम ध्वनिमुद्रित करून घेतला. नाव 'ब्रेकिंग थ्रू'.

तो अल्बम कपाटात पडून राहिला. ते लेबल बंद पडलं आणि टेप्स तशाच राहिल्या. बाहेर आला तो १९९९ मध्ये, म्हणजे लॉरेन्स पेटन गेल्यावर दोन वर्षांनी. फोर टॉप्सविषयी लिहिणारे बहुतेक जण त्याचा उल्लेख एका ओळीत उरकतात. माझ्या मते ही चौकडी समजून घ्यायची तर सुरुवात इथूनच करावी. या टेप्समध्ये लीव्हाय ओरडत नाही. त्याला ओरडायची गरजच पडत नाही, कारण चौघं मिळून एकच गळा असल्यासारखे गातात. वरचा सूर कुठे संपला नि खालचा कुठे सुरू झाला ते कळत नाही. नंतरच्या गाजलेल्या रेकॉर्डींत लीव्हाय एवढ्या बेभानपणे झेप घेऊ शकला, कारण खाली ही जमीन आधीपासून तयार होती. आणि ती तयार करणारा माणूस तिची तबकडी दुकानात पाहायला उरला नाही, याची मला आजही चुटपुट लागते.

जॅझ बाजूला पडल्यावर त्यांना हॉलंड-डोझिअर-हॉलंड या गीतकार-संगीतकार त्रयीकडे सोपवण्यात आलं. आधी काही काळ ते इतरांच्या रेकॉर्डींवर साथ देत होते. १९६३ मधल्या सुप्रीम्सच्या एका गाण्यात मागे हेच पुरुषी आवाज आहेत. १९६४ मध्ये 'बेबी आय नीड युवर लव्हिंग' आलं आणि अमेरिकेच्या यादीत ११व्या क्रमांकावर पोचलं. पुढच्या वर्षी 'आय कान्ट हेल्प मायसेल्फ' पहिल्या क्रमांकावर. लीव्हायच्या गळ्याला सहज पेलेल त्याहून वरच्या पट्टीत चाल बांधायची, म्हणजे प्रत्येक ओळ त्याला झुंज देऊन काढावी लागेल, ही त्या त्रयीची युक्ती. ऑक्टोबर १९६६ मध्ये 'रीच आउट आय'ल बी देअर' अमेरिकेत आणि ब्रिटनमध्येही पहिल्या क्रमांकावर गेलं. ते गाणं रेकॉर्ड म्हणून काढू नका, असं खुद्द गटाचंच म्हणणं होतं. तो प्रयोग फसला असं त्यांना वाटत होतं. गॉर्डीनं ऐकलं नाही.

आता याच रेकॉर्डी मागच्या आवाजांकडे लक्ष ठेवून ऐका. लॉरेन्स, ओबी आणि ड्यूक यांच्याही वर एक पातळ, तेजस्वी थर आहे. तो थर बायकांच्या आवाजाचा. जॅकी हिक्स, मार्लिन बॅरो आणि लुव्हेन डेम्प्स, म्हणजे 'अँडान्टीज'. मोटाउनच्या असंख्य ध्वनिमुद्रणांत या तिघी गायल्या. त्यांच्या स्वतःच्या नावानं १९६४ मध्ये जेमतेम एक रेकॉर्ड निघाली, आणि तिच्यातही पुढे गायली ती चौथीच गायिका. १९६८ मध्ये 'लव्ह चाइल्ड' या सुप्रीम्सच्या नावानं पहिल्या क्रमांकावर गेलेल्या गाण्यात डायना रॉसखेरीज सुप्रीम्सपैकी कुणीच गात नव्हतं, साथीला अँडान्टीज होत्या. फोर टॉप्सच्या गाण्यांना जो देवळातल्या सामूहिक प्रार्थनेचा भास होतो, त्याचं अर्धं श्रेय मी या तिघींना देतो. लीव्हाय एकटा आकांत करतो आणि मागे जणू सगळं गाव गोळा होतं. १९६७ च्या 'बर्नाडेट'मध्ये शेवटाकडे सगळे एकदम थांबतात, क्षणभर काहीच ऐकू येत नाही, आणि लीव्हाय त्या नावानं हाक मारतो. ती हाक अंगावर येते ती आधीचा एवढा मोठा आधार अचानक काढून घेतल्यामुळे.

हॉलंड-डोझिअर-हॉलंड कंपनीशी भांडून बाहेर पडले आणि फोर टॉप्सचे सुगीचे दिवस संपले. पण माझ्या शोधात सगळ्यात भरघोस असं जे हाती लागलं ते नेमकं या पडत्या काळातलं.

मे १९६९. कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथे विद्यापीठाच्या मालकीच्या एका मोकळ्या जागेवर विद्यार्थी आणि स्थानिक लोकांनी मिळून बाग केली होती, पीपल्स पार्क. १५ मे रोजी पहाटे ती जागा कुंपण घालून ताब्यात घेण्यात आली. दुपारी लोक जमले, पोलिसांनी बंदुका चालवल्या. जेम्स रेक्टर नावाचा तरुण जखमी झाला आणि चार दिवसांनी मरण पावला. राज्यपाल रोनाल्ड रेगन यांनी नॅशनल गार्ड बोलावलं. फोर टॉप्स तेव्हा दौऱ्यावर तिथे होते, आणि बसमधून ओबी बेन्सननं पोलीस पोरांना मारताना पाहिलं. हे चाललंय काय, हा प्रश्न त्याच्या डोक्यातून जाईना. इथे ही पोरं मार खातायत, तिकडे व्हिएतनामात त्यांच्याच वयाची पोरं मरतायत. त्यातून एका गाण्याचा सांगाडा तयार झाला, आणि मोटाउनचा गीतकार अल क्लीव्हलंड याच्या साथीनं ते आकाराला आलं.

ओबीनं ते आधी अर्थातच आपल्या तीन भावांपुढे ठेवलं. त्यांनी नकार दिला. हे निषेधाचं गाणं आहे, आपण असली गाणी गात नाही, असं त्यांचं म्हणणं. ओबी सांगत राहिला की हे निषेधाचं नाही, प्रेमाचं आणि समजुतीचं गाणं आहे. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारातला मला सापडलेला सर्वांत मोठा मतभेद तो हाच, आणि यात मी सपशेल ओबीच्या बाजूनं आहे. ब्रिटनमध्ये असताना त्यानं ते गायिका जोन बाएझलाही दाखवलं, तिथेही जमलं नाही. शेवटी ते मोटाउनचाच गायक मार्व्हिन गे याच्याकडे गेलं. मार्व्हिनला ते 'ओरिजिनल्स' या गटाकडून गाऊन घ्यायचं होतं. ओबीनं हट्ट धरला की तूच गा, आणि गीतकारांच्या नावांत वाटाही देऊ केला. गेनं शब्दांत भर घातली, चाल फिरवली, घरातलं दुःख आणि रस्त्यावरचं दुःख एकत्र आणलं. त्याचं योगदान मोठं आहे आणि ओबीनं ते आयुष्यभर मोकळेपणानं मान्य केलं. गॉर्डीला गाणं अजिबात आवडलं नव्हतं. तरी जानेवारी १९७१ मध्ये 'व्हॉट्स गोइंग ऑन' बाहेर पडलं आणि दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. त्याच नावाच्या अल्बममधल्या 'सेव्ह द चिल्ड्रन' आणि 'होली होली' या गाण्यांच्या लेखनातही ओबीचा वाटा आहे. २०२० मध्ये 'रोलिंग स्टोन' मासिकानं सर्वश्रेष्ठ ५०० अल्बमची नवी यादी केली तेव्हा पहिला क्रमांक या अल्बमला दिला.

म्हणजे विसाव्या शतकातल्या सर्वांत नावाजलेल्या सोल अल्बमचं बी फोर टॉप्सच्या बसमध्ये पडलं, आणि ते पेरणारा माणूस त्याच काळात रोज रात्री झगमगीत सूट घालून लीव्हायच्या मागे खर्ज भरत होता. गटानं गाणं नाकारलं म्हणून तो रुसून निघून गेला नाही. २००५ मध्ये जाईपर्यंत त्याच जागी उभा राहिला.

राहिला ड्यूक. अब्दुल करीम फकीर हे नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, सत्तरच्या दशकात अनेक कृष्णवर्णीय कलावंतांनी इस्लाम स्वीकारून नावं बदलली, त्यातला हा प्रकार असेल. पण हे जन्माचं नाव आहे. २६ डिसेंबर १९३५ ला डेट्रॉइटमध्ये जन्मलेल्या या मुलाचा बाप नाझिम अली फकीर आजच्या बांगलादेशातला, डेट्रॉइटच्या कारखान्यात काम करणारा. आई कृष्णवर्णीय अमेरिकन.

हे एकट्या फकीर घराण्याचं नवल नाही. विवेक बाल्ड यांच्या २०१३ च्या 'बेंगाली हार्लेम' या ग्रंथानं अशा बंगाल्यांची अमेरिकेतली हरवलेली वस्ती उजेडात आणली. मुंबईहून सुटणाऱ्या बोटींवर डेकवर रत्नागिरीकडचे कोकणी खलाशी आणि भटारखान्यात गोव्याची माणसं असत. कलकत्त्याहून सुटणाऱ्या बोटींच्या भट्ट्यांपुढे कोळसा टाकायला सिल्हेट आणि नोआखालीकडची माणसं असत. त्या उष्णतेला आणि मुकादमाच्या जाचाला कंटाळून त्यांतले कितीतरी अमेरिकी बंदरांत उतरले ते परत बोटीवर चढलेच नाहीत. १९१७ च्या कायद्यानं हिंदुस्थानातून येणाऱ्या मजुरांना अमेरिकेचं दार बंद केलेलं. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हिंदी माणसाला नागरिकत्वही नाकारलं, आणि ते मिळायला १९४६ उजाडावं लागलं. गोऱ्यांच्या वस्तीत घर मिळणार नाही, कागद मिळणार नाहीत. मग ही माणसं न्यू यॉर्कच्या हार्लेममध्ये, बाल्टिमोरमध्ये आणि मोटारींच्या कारखान्यांमुळे डेट्रॉइटमध्ये कृष्णवर्णीयांच्या आळ्यांत राहिली, तिथेच त्यांची लग्नं झाली, मुलं झाली. ज्या मोटारींच्या शहरावरून 'मोटाउन' हे नाव आलं, त्या शहराच्या घामात बंगालचाही घाम आहे. 'रीच आउट' मधला पहिला टेनर हा त्या इतिहासाचा आवाज आहे, आणि आपल्याकडे रेडिओ सिलोनवर पाश्चात्त्य गाणी ऐकणाऱ्या पिढीलाही त्याचा पत्ता नव्हता.

पुढचं थोडक्यात. १९७२ मध्ये मोटाउननं बिऱ्हाड लॉस एंजेलिसला हलवलं. फोर टॉप्स डेट्रॉइटलाच राहिले आणि कंपनी बदलली. १९७३ मध्ये 'एन्ट नो वुमन' चौथ्या क्रमांकावर गेलं, १९८१ मध्ये 'व्हेन शी वॉज माय गर्ल' ११व्या. १९८६ च्या 'लिटल शॉप ऑफ हॉरर्स' चित्रपटातल्या माणसं खाणाऱ्या झाडाला लीव्हायनं आवाज दिला. डिसेंबर १९८८ मध्ये लंडनमधलं ध्वनिमुद्रण लांबलं म्हणून लॉकरबीवर कोसळलेलं पॅन ॲमचं विमान त्यांचं हुकलं. १९९० मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम.

लॉरेन्स गेल्यावर उरलेल्या तिघांनी लगेच चौथा शोधला नाही. काही काळ ते तिघंच उभे राहत आणि गटाचं नाव लावत नुसतं 'द टॉप्स'. नंतर टेम्प्टेशन्समधून आलेल्या थिओ पीपल्सला घेतलं. लीव्हायला २०००च्या सुमारास पक्षाघात झाला, २००८ मध्ये तो गेला. ड्यूक फकीर वयाच्या ८८व्या वर्षापर्यंत जगला आणि २२ जुलै २०२४ ला डेट्रॉइटमध्येच वारला. त्याच्या शेवटच्या वर्षांतल्या कार्यक्रमांत त्याच्या शेजारी लॉरेन्सचा मुलगा रोकेल पेटन उभा असे.