वार्ता घरी परतावी : दूरदेशीचे आप्त आणि कुटुंबाची नोंदवही

वसईच्या किनारपट्टीवरील एकाच घरातील भावंडे तीन देशांत विखुरलेली असणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. थोरला मुलगा आखातात, धाकटा कॅनडात, मुलगी ऑस्ट्रेलियात आणि आईवडील वाडीतील जुन्या घरात, असे चित्र अनेक धर्मग्रामांत दिसते. बाळ जन्मल्याची वार्ता आज काही क्षणांत या सर्वांपर्यंत पोहोचते. त्याचे छायाचित्र आजीच्या हातातील मोबाईलवर दिसते, अभिनंदनाचे संदेश येतात आणि दुसऱ्या दिवशी नव्या संदेशांखाली ते सारे दिसेनासे होते. पाच वर्षांनी त्या बाळाच्या बाप्तिस्म्याची तारीख, त्याचे धर्मपिता व धर्ममाता कोण, असे विचारले तर घरातील किती जणांना सांगता येईल?

वार्ता पोहोचणे आणि स्मृती टिकणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले काम यंत्र करते. दुसरे कुटुंबातील कोणीतरी मनावर घ्यावे लागते. ते कसे करावे याचा एक उत्तम नमुना ख्रिस्तसभेच्या स्वतःच्या दप्तरात शतकानुशतके जपला गेला आहे. त्याची ओळख करून घेणे उद्बोधक ठरेल.

वार्ता नेणारी माणसे

दूर असलेल्या आप्तांची नावानिशी विचारपूस करण्याची प्रथा ख्रिस्ती समाजात आरंभापासून आहे. संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा सोळावा अध्याय पाहावा. विश्वासाच्या गहन प्रतिपादनानंतर तेथे नावांची मोठी यादी येते. पौल वीसहून अधिक व्यक्तींना सलाम सांगतो, कोणी किती श्रम घेतले, कोण आपल्याबरोबर बंदिवासात होते, याची आठवण काढतो. किंख्रिया येथील फीबी या भगिनीची तो शिफारस करतो. हे पत्र तिनेच रोमला नेले, असे परंपरा मानते. पौलाच्या सांगण्यावरून पत्र लिहिणारा तर्तियस मध्येच स्वतःचाही सलाम जोडतो.

आपल्याकडेही वार्ता माणसांमार्फतच जात असे. मृत्यूची वर्दी चर्चची घंटा देई. लग्नाचे आवतण घरोघरी जाऊन दिले जाई. परगावी असलेल्यांसाठी पोस्टकार्ड आणि आंतरदेशीय पत्र, परदेशासाठी एरोग्राम आणि तातडीच्या प्रसंगी तार, अशी व्यवस्था होती. भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. पत्र पोहोचण्यास आठवडे लागत. परंतु ते ट्रंकेत राहत असे आणि त्यावर तारीख, गाव व लिहिणाऱ्याचे हस्ताक्षर असे.

आजच्या साधनांविषयी ही खात्री देता येत नाही. २००४ साली सुरू झालेले ऑर्कुट भारतात अतिशय लोकप्रिय झाले आणि ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. याहू ग्रुप्स डिसेंबर २०२० मध्ये, तर परदेशस्थ मुलांशी बोलण्याचे ज्येष्ठांचे आवडते साधन असलेले स्काइप मे २०२५ मध्ये बंद झाले. आज हाती असलेले साधनही कधी ना कधी बदलेल. म्हणून कुटुंबाची स्मृती केवळ त्याच्या भरवशावर सोडणे सुज्ञपणाचे नव्हे.

बाप्तिस्म्याच्या वहीतील समास

विवाहांची नोंद ठेवण्याचा दंडक ट्रेंट परिषदेने नोव्हेंबर १५६३ मध्ये घालून दिला. वधूवरांची व साक्षीदारांची नावे, दिवस आणि स्थळ प्रमुख धर्मगुरूंनी वहीत लिहावे, तसेच बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपिता व धर्ममाता यांची नावे नोंदवावीत, असे परिषदेने ठरविले. १६१४ साली पोप पाचवे पॉल यांच्या काळात प्रसिद्ध झालेल्या रोमन विधिग्रंथात बाप्तिस्मा, दृढीकरण, विवाह व मृत्यू यांच्या वह्यांबरोबर आणखी एक वही सांगितली गेली. तीत प्रत्येक कुटुंबाची नोंद स्वतंत्रपणे करावयाची होती.

पुढे लोकांचे स्थलांतर वाढले आणि नवा प्रश्न उभा राहिला. बाप्तिस्मा एका गावी, विवाह दुसऱ्या देशी. मग त्या व्यक्तीची पूर्ण माहिती कोठे मिळणार? १९०७ साली पोप दहावे पायस यांच्या काळातील ‘ने तेमेरे’ या आज्ञापत्राने त्यावर तोडगा काढला. विवाहाची नोंद बाप्तिस्म्याच्या वहीतही व्हावी आणि बाप्तिस्मा अन्यत्र झाला असल्यास तेथील धर्मगुरूंना ती कळवावी, असा नियम झाला. १९८३ च्या धर्मसंहितेतही तो कायम आहे. कॅनन ५३५ नुसार दृढीकरण, विवाह, दत्तकविधान, गुरुदीक्षा आणि संन्यस्त जीवनातील अखेरची व्रते यांची नोंद बाप्तिस्म्याच्या वहीत केली जाते. कॅनन ११२२ नुसार विवाह लावणाऱ्या धर्मग्रामाने तो बाप्तिस्म्याच्या धर्मग्रामास कळवायचा असतो.

उदाहरण घेऊ. एका मुलीचा बाप्तिस्मा पापडीच्या चर्चमध्ये झाला आणि तीस वर्षांनी तिचा विवाह टोरांटोमध्ये झाला. तेथील धर्मगुरू ही माहिती पापडीस पाठवतात आणि येथील जुन्या वहीत तिच्या नावापुढच्या समासात ती लिहिली जाते. लग्नापूर्वी बाप्तिस्म्याचा नवा दाखला मागण्याचे कारण हेच. घरी जपलेल्या जुन्या दाखल्यावर नंतरच्या घडामोडी नसतात. वहीतून काढलेल्या ताज्या दाखल्यावर त्या असतात. व्यक्ती कोठेही गेली तरी तिच्या जीवनातील महत्त्वाची वार्ता तिच्या मूळ पानाकडे परत येते.

मृत्यूच्या बाबतीत मात्र बाप्तिस्म्याच्या धर्मग्रामास कळविण्याचे असे बंधन ही संहिता घालत नाही. मृत्यूची नोंद दफनानंतर स्थानिक नियमांनुसार मृत्यूच्या वहीत होते. परदेशी वारलेल्या काकांची पुण्यतिथी कोणती, त्यांची कबर कोणत्या दफनभूमीत आहे, हे गावच्या घरी कळविण्याची आणि लिहून ठेवण्याची जबाबदारी कुटुंबाचीच राहते. ती कोणी घेतली नाही, तर २ नोव्हेंबरच्या मृतांच्या स्मरणदिनी कोणाची कबर कोठे आहे हे सांगणारा पुढच्या पिढीत कोणी उरत नाही.

घरची नोंदवही

चर्चच्या वहीचा हा नमुना प्रत्येक घराला अनुसरता येईल. त्यासाठी एक जाड बांधणीची वही पुरे. प्रत्येक व्यक्तीसाठी एक पान राखावे. त्यावर जन्म, बाप्तिस्मा, धर्मपिता व धर्ममाता, विवाह आणि मृत्यू यांची तारीख व स्थळ लिहावे. समासासाठी भरपूर जागा सोडावी. पुढील वार्ता तेथेच यायच्या आहेत. काही दक्षता अवश्य घ्याव्यात.

नातवाला आजोबांचे नाव देण्याची प्रथा अनेक कुटुंबांत असल्याने एकाच घरात एकाच नावाच्या तीन व्यक्ती आढळतात. म्हणून प्रत्येक नावापुढे वडिलांचे व आईचे नाव असावे. स्त्रियांचे माहेरचे आडनाव व गाव न विसरता लिहावे. ते गळले की कुटुंबाचा अर्धा इतिहास गळतो. तारखेतील महिना अक्षरांत लिहावा. ५/२ ही तारीख भारतात ५ फेब्रुवारी, तर अमेरिकेत २ मे अशी वाचली जाते. वहीच्या प्रत्येक पानाचे छायाचित्र वर्षातून एकदा काढून ते परदेशातील किमान दोघांकडे द्यावे, म्हणजे एक प्रत नष्ट झाली तरी दुसरी उरेल.

छायाचित्रे आणि आवाज

जुन्या छायाचित्रांतील चेहरे ओळखणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत, आणि ही हानी भरून निघणारी नाही. छायाचित्राच्या मागे मऊ पेन्सिलने हलक्या हाताने नावे लिहावीत. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूस उमटतो आणि शाईही पसरते. नावे डावीकडून उजवीकडे या क्रमाने, प्रसंग व वर्षासह लिहावीत. संदेशसेवेतून पाठविलेले छायाचित्र बहुधा लहान करून पाठविले जाते आणि त्याची सुस्पष्टता घटते. जपून ठेवायचे असल्यास ते मूळ आकारातच मागवावे.

घरातील ज्येष्ठांचा आवाज मोबाईलवर ध्वनिमुद्रित करावा. सामवेदी असो वा वाडवळी, त्यांना त्यांच्या बोलीतच बोलू द्यावे. ‘तुमच्या आयुष्याविषयी सांगा’ या मोठ्या प्रश्नाने ते गप्प होतात. ‘तुमच्या लग्नात स्वयंपाक कोणी केला, विहीर कोणी खणली, शाळेत कोणत्या वाटेने जात होता’ असे लहान प्रश्न विचारले की आठवणी येऊ लागतात. परदेशात वाढणाऱ्या नातवंडांना आजीची बोली ऐकावयास मिळण्याचा हा कदाचित एकमेव मार्ग असेल.

सोहळ्यातील सहभाग

चर्चमधील सोहळे दूरस्थांना घरबसल्या पाहता येतात. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागू झाली आणि अंत्यविधीस वीसच जणांना उपस्थित राहण्याची मुभा उरली, तेव्हा मुलांनी आईवडिलांचा अखेरचा निरोप पडद्यावर घेतला. त्या काळाने या साधनाचे मोल शिकविले.

त्याचा उपयोग मात्र विचारपूर्वक व्हावा. जानेवारीत वसईत दुपारी ४ वाजता लग्नाची मिस्सा सुरू होते तेव्हा दुबईत अडीच, मेलबर्नमध्ये रात्रीचे साडेनऊ आणि टोरांटोत पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. त्या त्या देशाची वेळ निमंत्रणात लिहिल्यास कोणाची गल्लत होत नाही. समारंभानंतर वधूवरांनी परदेशातील मामा-आत्यांशी दोन मिनिटे बोलावे, इतके नियोजन केले तरी पाहणारा केवळ प्रेक्षक राहत नाही. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही अशा वृद्ध आत्याला किंवा मावशीला मात्र प्रत्यक्ष जाऊनच आवतण द्यावे. गटातील संदेश हा सर्वांना दिलेला निरोप असतो. तिला तो कधी मिळतच नाही.

दुःखद वार्तेचा क्रम

सर्वांत अधिक काळजी येथे घ्यावी लागते. परदेशी असलेल्या मुलाला आपली आई गेल्याचे एखाद्या दूरच्या नातलगाच्या श्रद्धांजलीच्या संदेशातून कळावे, यासारखी जखम दुसरी नाही. पाठविणाऱ्याच्या मनात सहानुभूतीच असते, पण घाईमुळे ती क्रूर ठरते.

म्हणून प्रत्येक कुटुंबाने अशा प्रसंगासाठी एका व्यक्तीची निवड करून ठेवावी. तिने प्रथम मुले, भावंडे व जोडीदार यांना स्वतः दूरध्वनी करावा. शक्य तेव्हा त्यांच्याजवळ राहणाऱ्या कोणा स्नेह्याला त्यांच्या घरी जाण्यास सांगावे. सर्व निकटवर्तीयांना कळल्याची खात्री झाल्यावरच गटात संदेश द्यावा. तोवर इतरांनी धीर धरावा. संदेशात अंत्यविधीची वेळ आणि दूरहून येणाऱ्यांसाठी थांबणार किंवा नाही हे स्पष्ट लिहावे, कारण विमानाचे तिकीट काढणारा त्याच एका वाक्याची वाट पाहत असतो. ‘तिकडे उगाच काळजी नको’ म्हणून गंभीर आजार लपविण्याची सवयही सोडावी. वेळेवर कळले असते तर भेट झाली असती, ही खंत जन्मभर पुरते.

येत्या नाताळात

वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया यांना ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधील नागासाकी येथे हौतात्म्य आले. १८६२ साली त्यांना संतपद मिळाले. मायभूमीपासून इतक्या दूर घडलेल्या मृत्यूचा दिवस आणि स्थळ आज आपण निश्चितपणे सांगू शकतो, ते कोणीतरी वेळेवर लिहून ठेवले म्हणूनच. आपल्या घरातील सामान्य माणसांनाही आपल्याकडून एवढे मिळावयास हवे.

नाताळात परदेशस्थ आप्त घरी येतात. त्या दिवसांतील एक संध्याकाळ यासाठी राखून ठेवता येईल. जुनी छायाचित्रे आणि वही मध्ये ठेवावी, ज्येष्ठांनी नावे सांगावीत, तरुणांनी ती लिहावीत आणि जे येऊ शकले नाहीत त्यांना दूरध्वनीवरून सामील करून घ्यावे. सर्व पाने एका संध्याकाळी भरणार नाहीत. घरातील सर्वांत वयोवृद्ध व्यक्तीचे पान मात्र त्या दिवशी पूर्ण करावे.