लेखक शाळेत येतात, तेव्हा…

शाळेत साहित्यिक येणार म्हटले की तयारी ठरलेली असते. पटांगणात सतरंज्या, दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, पाऊण तासाचे भाषण आणि शेवटी आभारप्रदर्शन. मुले टाळ्या वाजवून वर्गात परततात. पाहुण्यांचे एकही पुस्तक त्यांनी आधी वाचलेले नसते, नंतरही वाचले जात नाही. हा सत्कार झाला. भेट झाली नाही. भेट कशी असावी, हे पाहण्यासाठी मात्र खान्देशाला दूर जाण्याचे कारण नाही.

अमळनेरला गिरणीमालक श्रीमंत प्रतापशेठ यांच्या औदार्यातून उभ्या राहिलेल्या प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ साली पांडुरंग सदाशिव साने शिक्षक म्हणून रुजू झाले. वसतिगृहाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. तेथील मुलांसाठी ते स्वतःच्या हाताने ‘छात्रालय’ दैनिक लिहून काढीत. पुढे १९२८ मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिक सुरू केले. ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात लिहून झाली ती १९३३ मध्ये. म्हणजे साने गुरुजींचे मुलांसाठी लिहिणे त्या पुस्तकाच्या कितीतरी आधीचे होते. अमळनेरच्या मुलांना लेखक व्यासपीठावर दिसला नाही. आपल्या खोलीशेजारी बसून लिहिताना दिसला. लिहिणे हे रोजचे काम आहे आणि ते आपल्यासारख्या माणसाला करता येते, ही गोष्ट मुलांना भाषणाने पटत नाही, पाहून पटते.

दुसरा प्रश्न भाषेचा. जळगावजवळच्या आसोद्याला १८८० मध्ये जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती. शेतात आणि जात्यावर रचलेली त्यांची गाणी मुलगा, कवी सोपानदेव यांच्यामुळे कागदावर राहिली आणि त्यांच्या निधनानंतर, १९५२ मध्ये आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने पुस्तकरूपात आली. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. ज्या बोलीला वर्गात अशुद्ध म्हटले जाते, तिच्यात एवढे सामर्थ्य असते! सातपुड्याच्या पायथ्याशी वाहरू सोनवणे यांनी भिल्ल समाजाचे जगणे ‘गोधड’ या संग्रहातील कवितांत मांडले. अहिराणीत, भिलोरीत, पावरीत लिहिणारे कवी वर्गात आले, तर दुकानाच्या गल्ल्यावर बसणाऱ्या घरातील मुलाला समोरच्या गिऱ्हाइकाचे जग कळेल. गिऱ्हाइकाच्या मुलालाही आपली बोली शाळेत मानाने ऐकू येईल. व्यापारी घरातील मूल घरी मारवाडी किंवा गुजराती, बाजारात अहिराणी, शाळेत मराठी आणि इंग्रजी बोलते. चार भाषांची ही शिदोरी त्याला ओझे वाटू नये, यासाठी अशा भेटी हव्यात.

इतिहासाचेही तसेच आहे, आणि त्यासाठी धुळ्याकडे पाहावे लागते. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव फिरून, लोकांच्या घरांतील दप्तरे धुंडाळून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे बावीस खंड सिद्ध केले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात त्यांचे निधन झाले आणि लगेच १९२७ मध्ये तेथे राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. त्यांच्या कामातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे: इतिहास राजवाड्यांत असतो, तसाच तो घरच्या माळ्यावरील गाठोड्यांतही असतो. जुन्या पेढ्यांच्या रोजमेळ-खतावण्या, हुंड्या, मोडीतील पत्रे आज घर बदलताना रद्दीत जातात. कोणत्या साली कापसाचा भाव काय होता, दुष्काळात कोणाला उधारी दिली, लग्नाला किती खर्च आला, हे सारे त्या कागदांबरोबर पुसले जाते. इतिहासाचा अभ्यासक किंवा मोडी वाचणारा जाणकार शाळेत आला आणि मुलांनी परवानगीने घरची एखादी जुनी वही आणली, तर तो तास मुले सहसा विसरणार नाहीत.

व्यापारी माणसाचे आयुष्य साहित्याचा विषय होते का, असे कोणी विचारले तर बनारसीदासांचे नाव सांगावे. जौनपूरला १५८६ मध्ये जन्मलेल्या या जैन व्यापाऱ्याने १६४१ मध्ये ‘अर्धकथानक’ हे पद्यमय आत्मचरित्र लिहिले. हिंदी परंपरेतील ते पहिले आत्मचरित्र मानले जाते. त्यात धंद्यातील खोट, प्रवासातील हाल, घरातील मृत्यू, स्वतःच्या चुका सारे मोकळेपणाने आले आहे. नफ्या-तोट्याचा हिशेब रोज लिहिणाऱ्या हातानेच आयुष्याचाही हिशेब लिहिला.

अशा भेटीला मोठा मंडप लागत नाही, पूर्वतयारी लागते. लेखकाचे एखादे पुस्तक महिनाभर आधी वर्गात वाचले जावे. प्रश्न मुलांनीच काढावेत. श्रोते एका वर्गापुरते असावेत, म्हणजे मागच्या बाकावरील मुलालाही बोलता येते. भाषण थोडके असावे आणि निम्मा वेळ मुलांनी स्वतः लिहिण्यासाठी राखावा. आजीची एक आठवण, दुकानातील एक दिवस, बाजारातील एक संवाद, एवढे विषय पुरेत. लेखकाला प्रवासखर्च आणि मानधन सन्मानाने द्यावे. हारतुऱ्यांच्या पैशांतून त्यांच्या पुस्तकांच्या प्रती ग्रंथालयात घ्याव्यात. पंधरा दिवसांनी मुलांच्या लेखनाचे हस्तलिखित तयार करावे. त्याची एक प्रत लेखकाकडे जावी.

शाळांच्या इमारतींना, प्रयोगशाळांना, पाणपोयांना आपल्या समाजाने हात आखडता घेतलेला नाही. ज्ञानपंचमीला ग्रंथांची पूजा मांडणाऱ्या घरांना लेखकाच्या एका भेटीचा खर्च उचलणे जड नाही. येत्या ज्ञानपंचमीला पूजेनंतर घरची एक जुनी वही उघडून नातवंडांना वाचून दाखवावी आणि त्यांच्या शाळेत या वर्षी कोणता लेखक येणार आहे, एवढे मुख्याध्यापकांना विचारावे.