चंद्राच्या कला आणि पृथ्वीची सावली

चंद्राच्या कला (प्रकाशित भागाचे बदलते दृश्य आकार) पृथ्वीच्या सावलीमुळे घडतात, असा समज सर्रास आढळतो. परंतु ती सावली चंद्रावर पडते तेव्हा चंद्रग्रहण होते. एरवी चंद्राचा निम्मा गोल सूर्यप्रकाशाने सतत उजळलेला असतो आणि दिव्यासमोर ठेवलेल्या नारळाभोवती फिरताना त्याची उजळ बाजू जशी कमी-अधिक दिसते, तसाच त्या निम्म्या भागाचा कमी-अधिक अंश पृथ्वीवरून दिसतो. सूर्य व चंद्र यांच्यातील कोनीय अंतर (पृथ्वीवरून मोजलेला कोन) १२ अंशांनी वाढले की एक तिथी पूर्ण होते. शुद्ध अष्टमीला ते ९० अंशांच्या आसपास असल्याने अर्धबिंब दिसते. त्या दिवशी सूर्यास्ताच्या वेळी चंद्र साधारणपणे माथ्याकडे असतो, तर पृथ्वीची सावली सूर्याच्या विरुद्ध बाजूस, पूर्व क्षितिजाकडे असते. त्यामुळे चंद्राचा काळोखा अर्धा भाग त्या सावलीने झाकलेला असणे शक्यच नसते.