मोत्या का खाजवतो?

मराठी भाषेने कुत्र्याला फारसे चांगले वागवलेले नाही. एखाद्याची दैना झाली, की त्याचे 'कुत्रा हाल खात नाही'. एखाद्याचा स्वभाव सुधारेना, की कुत्र्याचे शेपूट नळीत घालून दाखवायचे. आणि कुणाचा मनापासून तिटकारा आला, तर 'लूतभरे' या विशेषणापुढे नाम कोणते येणार हे सांगावेच लागत नाही. खाजेलाही आपण सोडलेले नाही. नसती उठाठेव करून संकट ओढवून घेणारा माणूस 'खाजवून खरूज काढतो', असे आपण म्हणतो. या वाक्प्रचारात वैद्यकाचा बराच अंश आहे. त्याकडे पुढे येऊच.

वास्तविक आपल्या देवादिकांनी कुत्र्याला कधी दूर लोटलेले नाही. दत्ताच्या पायांशी चार कुत्री आहेत. दौंडहून फार दूर नसलेल्या जेजुरीच्या खंडोबाबरोबर कुत्रा आहे. धर्मराजाने स्वर्गाच्या दाराशी कुत्र्याला सोडून आत पाऊल टाकण्याचे नाकारले. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा तर आपण आजीच्या मांडीवर ऐकलेली आहे. तेव्हा दारच्या मोत्याला खाज सुटली, तर त्याला काठी दाखवण्याआधी तो का खाजवतो एवढे तरी आपण समजून घ्यावे, हे आपल्या परंपरेला धरूनच होईल.

शिरूर आणि दौंड या तालुक्यांत हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. घोड आणि भीमा या नद्यांच्या काठचा हा मुलूख मूळचा पर्जन्यछायेतला, कोरडा. धरणे झाली, कालवे आले, आणि ज्वारी-बाजरीच्या रानात ऊस उभा राहिला. उसाबरोबर बिबट्या आला. बिबट्याचे कुत्र्याशी असलेले नाते आपणांस ठाऊक आहेच. नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बिबट्याच्या आहारातला सर्वांत मोठा वाटा पाळीव कुत्र्यांचाच निघाला. त्यामुळे मळ्यावर राहणारा शहाणा माणूस अंधार पडला की कुत्र्याला पडवीत घेतो, किंवा गोठ्यात गुरांशेजारी बांधतो. राखणदाराचे प्राण वाचतात. पण त्याच्या अंगावरचे पाहुणेही त्याच्याबरोबर घरात येतात. ते पाहुणे म्हणजे पिसवा.

पाऊस ओसरला, भादवा लागला, की तक्रारी सुरू होतात. "आवं सर, दोनदा धुतलं, औषध लावलं, तरी मोत्या रात्रभर खाजवतोयच की!" हे वाक्य मी घोडनदीच्या बाजारात ऐकलेले आहे आणि दौंडच्या फलाटावरही. मी मराठीचा मास्तर, पशुवैद्य नव्हे. पण या वाक्यातला 'तरी' मला नेहमी अडवतो. औषध लावूनही खाज का जात नाही, या प्रश्नाचे उत्तर कुत्र्याच्या अंगावर शोधून सापडत नाही. ते आपल्या घराच्या जमिनीत आहे.

पिसूचा संसार

कुत्र्याच्या अंगावर उडी मारताना दिसते ती पूर्ण वाढलेली पिसू. जाणकारांचा सर्वमान्य हिशेब असा, की घरात पिसवांची जेवढी प्रजा असते, तिच्यापैकी अशा दिसणाऱ्या पिसवा शेकडा पाचच. उरलेली शेकडा पंचाण्णव प्रजा अंडी, अळ्या आणि कोष यांच्या रूपाने जमिनीवर, फटींत, गोणपाटात आणि सतरंजीखाली असते. म्हणजे आपण पाचांशी लढतो आणि पंचाण्णवांना पोसतो!

पिसूचे पोट रक्ताने भरले, की एक-दोन दिवसांत ती अंडी घालू लागते, आणि ऐन भरात दिवसाला चाळीस-पन्नासपर्यंत घालते. ही अंडी उवांच्या लिखांसारखी केसांना चिकटत नाहीत. ती गुळगुळीत, पांढरी, मोहरीहूनही बारीक असतात, आणि कुत्र्याने अंग झटकले की खाली सांडतात. म्हणून जेथे कुत्रा झोपतो, तेथेच पिसूची शेती सर्वांत दाट. अंड्यांतून निघालेल्या अळ्या उजेड टाळतात, फटींत शिरतात आणि मोठ्या पिसवांच्या विष्ठेतले सुकलेले रक्त खाऊन वाढतात. मग प्रत्येक अळी रेशमासारखा कोष विणते. तो चिकट असल्यामुळे त्याला धूळमाती लागते, आणि तो मातीच्या कणासारखा दिसू लागतो. हवा उबदार आणि दमट असली, तर अंड्यापासून पिसूपर्यंतचा प्रवास तीनेक आठवड्यांत पुरा होतो. प्रतिकूल काळात मात्र कोषातली पिसू पाच-पाच महिने दम धरून राहू शकते. पावलांचा हादरा, अंगाची ऊब आणि श्वासातला वायू या तीन खुणा पटल्या, की ती बाहेर पडते.

दौंडसारख्या जंक्शनच्या गावी बदलीच्या नोकरीची माणसे पुष्कळ. दोन-तीन महिने बंद असलेल्या घराचे कुलूप नव्या बिऱ्हाडाने उघडावे, आणि तासाभरात सर्वांच्या घोट्यांवर लाल गांधी उठाव्यात, हा प्रकार अनेकांनी अनुभवला असेल. घरात कुत्रा नाही, मांजर नाही, मग पिसवा आल्या कोठून? त्या आल्या नाहीत. त्या वाट पाहत होत्या.

याउलट दिवाळीनंतर कोकणाकडे उतरणारे धनगरांचे वाडे पाहा. ज्या जनावराची झोपण्याची जागा रोज बदलते, त्याची सांडलेली अंडी मागच्या मुक्कामी राहतात. तेथे उपजलेल्या पिसवांना जेवायला कोणी उरत नाही. घर करून राहणाऱ्यालाच पिसवांचा जाच अधिक. पिसू ही स्थिर संसाराची सोबतीण आहे.

पिसू आणि पुणे

या क्षुद्र किड्याने पुण्याचा इतिहास हलवून सोडला होता, हे विसरून चालणार नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, १८९७ च्या आरंभी पुण्यात त्याने हाहाकार केला. रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने गेल्या. घरे धुतली, सामान जाळले, छपरे उघडी केली. पण रोग उंदरांपासून माणसांत कसा येतो, हे तेव्हा कोणालाच उमगले नव्हते. १८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने ते कोडे उलगडले. दुवा होती उंदरावरची पिसू. प्रारंभी त्याचे म्हणणे फारसे कोणी मानले नाही. पुढे १९०५ पासून मुंबईत झालेल्या पद्धतशीर संशोधनाने ते पक्के केले.

वाचकांनी लगेच घाबरून मोत्याकडे संशयाने पाहू नये. प्लेग पसरवणारी मुख्य पिसू उंदराची. कुत्र्यावरची जात वेगळी. मात्र इतिहासातला धडा तोच आहे. रोग्याच्या अंगाकडे पाहत बसलेल्यांना त्या काळी उत्तर सापडले नाही. ज्याने घराच्या जमिनीवरून उड्या मारणारा किडा पाहिला, त्याला ते सापडले.

खाज कोणती, ते ओळखा

प्रत्येक खाज पिसूची नसते, म्हणून आधी निदान हवे. त्यासाठी घरातली उवांची जुनी फणी पुरे. कुत्र्याच्या कमरेवरून आणि शेपटीच्या मुळाशी फणी फिरवा आणि निघालेला काळा भुगा ओल्या पांढऱ्या कागदावर झटका. माती असेल तर ती मातीच राहील. कणांभोवती तांबूस डाग पसरला, तर ती पिसूची विष्ठा, म्हणजे कुत्र्याचेच पचलेले रक्त समजावे.

पिसूची खाज बहुधा कंबर, शेपटीचे मूळ आणि मांड्यांच्या आतल्या बाजूस असते. काही कुत्र्यांना पिसूच्या लाळेचे वावडे असते; त्यांना एक-दोन चावेही पुरतात. अशा कुत्र्याच्या अंगावर शोधूनही पिसू सापडत नाही, आणि तो मात्र स्वतःला ओरबाडून घेतो. कानांच्या कडा आणि कोपरे यांवरचे केस जाऊन खपल्या धरल्या, तर खरजेचा संशय घ्यावा; ही खरूज सांभाळणाऱ्या माणसालाही काही दिवस खाजवायला लावते. केस गेलेले गोल चट्टे बुरशीचे असू शकतात, आणि तो नायटा मुलांना लागतो. कानांत आणि बोटांच्या बेचक्यांत चिकटतो तो गोचीड. त्याच्या चाव्यातून ताप येतो. कुत्रा अन्न सोडतो, हिरड्या पांढऱ्या पडतात. तेथे घरगुती उपायांत एक दिवसही घालवू नये.

आता तो वाक्प्रचार. खाजवल्याने कातडी फुटते, फुटलेल्या जागी जंतू शिरतात, पू होतो, पुवाने आणखी खाज सुटते. मूळ कारण एक पिसू. पण महिन्याभराने दिसते ते सडलेले, दुर्गंधी येणारे, केस गेलेले अंग. मग घरचे लोक म्हणतात, याला लूत लागली. आणि लूत लागलेल्या कुत्र्याचे पुढे काय होते, हे सांगायला नको. त्याला कुणाच्या तरी टेंपोत घालून दूरच्या रस्त्यावर सोडतात. इमानी जनावर एका बऱ्या होणाऱ्या दुखण्यापायी बेघर होते.

घरगुती रामबाण

आपल्याकडे रामबाण उपायांना तोटा नाही. कुणी गाडीचे जळके तेल चोपडतो, कुणी रॉकेल, कुणी फिनेलचे पाणी, कुणी तंबाखूचा काढा. सर्वांत भयंकर म्हणजे पिकावर मारायचे औषध पंपात उरले, तेच कुत्र्यावर मारणे. कुत्रा अंग चाटतो, ही साधी गोष्ट येथे विसरली जाते. जे कातडीवर लावाल, ते त्याच्या पोटात जाणार. एके काळी घरोघरी असलेली गॅमेक्सिनची भुकटी विषारी ठरून आपल्या देशात १९९७ साली बंद झाली. पण 'कसली तरी पांढरी पावडर' मागण्याची सवय काही बंद झालेली नाही. गुरांच्या गोचिडांवरचे औषधही अंदाजाने कुत्र्याला लावू नये. कुत्र्यांसाठी असलेल्या काही औषधांतले परमेथ्रिन मांजराच्या तर जिवावर बेतते.

अंघोळ वाईट नाही. तिने आजच्या पिसवा मरतात; उद्याच्या मात्र गोणपाटाखाली तयारच असतात. "दोनदा धुतलं, तरी" यातल्या 'तरी'चे उत्तर ते हेच.

दिवाळी ते रथसप्तमी

मग करावे काय? तीन गोष्टी, आणि तिन्ही एकाच वेळी.

पहिली, कुत्र्याचे औषध. मानेवर थेंब टाकायची फिप्रोनिलसारखी औषधे आहेत. महिना ते तीन महिने पुरणाऱ्या गोळ्याही आता मिळतात. वजन, वय आणि प्रकृती पाहून यांतले कोणते द्यावे, ते जनावरांच्या दवाखान्यात ठरवून घ्यावे. फिट येणाऱ्या कुत्र्याची हकीकत डॉक्टरांना आधी सांगावी. थेंबांच्या आधी-नंतर दोन दिवस अंघोळ घालू नये. फार लहान पिल्लांना बहुतेक औषधे चालत नाहीत. त्यांच्यासाठी फणी आणि साबणपाण्याची वाटी. पिसवा पिल्लाचे इतके रक्त पितात, की ते दगावूही शकते. घरात दोन कुत्री आणि एक मांजर असेल, तर तिघांवरही उपचार हवा. गोठ्यातल्या शेळ्यांवरही याच पिसवा पोसतात, हे शेतकऱ्याने ध्यानात ठेवावे. कुत्र्याच्या शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले, तर जंताचे औषधही मागावे. पिसू गिळल्याने कुत्र्याला पट्टकृमी होतो.

दुसरी, घर. आणि येथे आपले सणवारच धावून येतात. आश्विनात आपण घर झाडतो, जाळी काढतो, अंथरुणे उन्हात टाकतो. पिसूच्या अळीला ओलावा हवा असतो. कडक उन्हात आणि कोरड्या हवेत ती वाळून मरते. तेव्हा माळ्यावरची भांडी घासण्याआधी कुत्र्याची जागा धरावी. त्याचे गोणपाट जाळून टाकावे, किंवा कढत पाण्यात धुऊन कडकडीत वाळवावे. फरशीच्या सांध्यांतून, कॉटखालून, पडवीच्या कोपऱ्यांतून केर काढून घराबाहेर दूर टाकावा. मातीच्या जमिनीच्या भेगा लिंपून घ्याव्यात. उपद्रव फारच असेल, तर अंडी-अळ्यांची वाढ रोखणारी फवारणीची औषधे असतात, तीही डॉक्टरांना विचारून वापरावीत.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड, ती म्हणजे चिकाटी. कोषांवर कोणतेही औषध नीटसे चालत नाही. ते फुटतील तेव्हाच आतल्या पिसवा औषध लावलेल्या कुत्र्यावर येऊन मरणार. म्हणून उपचार सुरू केल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पिसवा पुन्हा दिसल्या, तर 'औषध खोटे निघाले' म्हणून सोडून देऊ नये. जुने कोष फुटत आहेत, एवढाच त्याचा अर्थ. निदान तीन महिने औषध आणि झाडलोट चालू ठेवावी. हिशेब लक्षात ठेवायला सोपा आहे. दिवाळीच्या अमावास्येपासून कार्तिक, मार्गशीर्ष, पौष असे तीन महिने उलटले, की आठवड्याभरात रथसप्तमी येते. तोवर आळस करू नये.

नेपाळात तिहारच्या सणात, म्हणजे आपल्या दिवाळीच्याच दिवसांत, एक दिवस कुत्र्यांचा असतो. त्यांच्या गळ्यात झेंडूच्या माळा घालतात, कपाळाला टिळा लावतात. आपल्याकडे वसुबारसेला गाय-वासराला मान आहे, कुत्र्यासाठी वेगळी तिथी नाही. तिथी नसली तरी चालेल. फराळाचे गोडधोड त्याच्यापुढे टाकण्याचीही गरज नाही. त्याला ते मानवत नाही. वर्षभर उसाच्या कडेला जागून आपली गुरेढोरे राखणाऱ्याला स्वच्छ गोणपाट, औषधाचे चार थेंब आणि न खाजवता सरलेली एक रात्र मिळाली, की त्याची दिवाळी झाली.