उन्हाळ्यातले विणकाम

जुलैत इथे ह्यूस्टनला कुणी लोकर घेऊन बसलेले दिसले की आपली मंडळी हमखास विचारतात, "अहो, ह्या उकाड्यात स्वेटर?" पण स्वेटर थंडीत वापरायचा असतो, विणायचा त्याआधी. माझी मुलगी मिनिआपोलिसला असते आणि तिला नोव्हेंबरात बाळ व्हायचे आहे. तिथे ऑक्टोबरातही बर्फ पडू शकतो. गणपती झाल्यावर सुया हातात घेतल्या, तर कुंची तयार होईपर्यंत बाळ रांगू लागेल!

उकाड्यात खरा त्रास देतो तो हाताचा घाम, आणि मांडीवर साठत जाणारा विणलेला ढीग. इथली हवा मुंबईसारखी दमट, घाम वाळता वाळत नाही. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्के ओलावा शोषते, तरी हाताला ओली लागत नाही. ॲक्रिलिक फारसे काही शोषत नाही, म्हणून घामेजल्या बोटांवर अडखळते आणि टाके कुठे घट्ट, कुठे सैल पडतात. स्वस्त आणि मशीनमध्ये धुता येते म्हणून आपण तेच घेतो, ही गोष्ट वेगळी. सुया बांबूच्या घ्याव्यात. धातूच्या ओल्या हातात निसटतात.

ढिगाला उपाय म्हणजे तुकडे. आधी बाह्या, मग पुढचे दोन भाग, पाठ शेवटी. ब्लँकेट असेल तर सुटे चौकोन करून ठेवावेत, जोडायचे ऑक्टोबरात.

क्रोशाला मात्र सुती दोराच बरा. आपल्याकडे तोरणे नि ताटावरचे रुमाल भर मे महिन्यात होत, ते काही उगाच नाही. पण सुताला लोकरीसारखी लवचीकता नसते. गळपट्टी सैल पडते, कपडा स्वतःच्या वजनाने लांबतो. म्हणून नमुन्याचा चौकोन विणून, धुऊन, वाळवून मगच माप घ्यावे. (अमेरिकन पुस्तकातला 'सिंगल क्रोशे' म्हणजे आपला मुका खांब, आणि ब्रिटिश पुस्तकात त्यालाच 'डबल' म्हणतात. भारतातून आणलेले जुने पुस्तक कुठल्या पद्धतीचे आहे, ते आधी पाहून घ्यावे.)

आता सर्वांत महत्त्वाचे. घामाचा हात लागलेली लोकर तशीच ठेवली तर कसर लागते, कारण अळ्यांना मळकी लोकर अधिक आवडते. कपडा कोमट पाण्यात धुवावा, पिळू नये, टॉवेलात गुंडाळून दाबावा आणि सपाट वाळवावा. मग घट्ट बंद होणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावा. त्यात डांबराच्या गोळ्या अजिबात टाकू नयेत. त्यांतल्या नॅफ्थलीनमुळे, 'जी-सिक्स-पीडी' ह्या एन्झाइमची जन्मतः कमतरता असलेल्या बाळांच्या तांबड्या पेशी फुटतात आणि जोराची कावीळ होऊ शकते. ही कमतरता आपल्या लोकांतही आढळते आणि बाळ दिसायला अगदी ठणठणीत असते. आईने ट्रंकेत जपून ठेवलेली जुनी झबली-टोपडी भारतातून आली असतील, तर तीही धुऊन, भरपूर वारा देऊन, वास पूर्ण गेल्यावरच बाळाच्या अंगावर घालावीत.