१३०वा क्रमांक आणि त्यामागचे घर

मानव विकास अहवाल आला की आपल्याकडे बातमी होते ती क्रमांकाची. २०२५च्या अहवालात भारत १९३ देशांत १३०वा, मानव विकास निर्देशांकाचे मूल्य ०.६८५. मग कुणी म्हणते, आपण सुखी नाही. कुणी म्हणते, हे आकडे आपल्याला खाली दाखवण्यासाठीच काढलेत. अहवाल मात्र दोघांनीही उघडलेला नसतो.

हा निर्देशांक सुख मोजतच नाही. आनंदी देशांची यादी वेगळी. तिथे लोकांनाच विचारतात, तुमच्या आयुष्याला दहापैकी किती गुण द्याल? इथे मोजतात ते आयुर्मान, शिक्षण आणि दरडोई उत्पन्न. देशाची प्रगती नुसत्या पैशात तोलू नये, म्हणून पाकिस्तानी अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांनी अमर्त्य सेन यांच्या साथीने १९९०मध्ये हा निर्देशांक आणला. म्हणूनच ‘पैसा आला की विकास आलाच’ हेही इथे चालत नाही. दरडोई उत्पन्न १,००० डॉलरचे २,००० झाले की जितके गुण वाढतात, तितकेच २०,०००चे ४०,००० झाल्यावर.

खरा घोटाळा होतो शिक्षणाच्या आकड्यात. पोरे तर शाळेत जाताहेत, मग भारताची सरासरी ६.९ वर्षे कशी? कारण ती २५ वर्षांच्या पुढच्या माणसांची आहे. एक घर धरू. आजी शाळेत गेलीच नाही, आई सातवी शिकली, वडील बारावी. एकूण १९ वर्षे, माणसे तीन. सरासरी सव्वासहाच्या आसपास. पहिलीत बसलेली नात या हिशेबात नाही. तिच्यासाठी अपेक्षित शालेय वर्षांचा निराळा आकडा आहे, भारतासाठी १३. आजीची हुकलेली शाळा आजही देशाच्या खात्यावर आहे, आणि ती असायलाच हवी.

राहिला शेवटचा समज, की एका आकड्यात अख्खा देश येतो. विषमता जमेस धरली तर भारताचे मूल्य ३०.७ टक्क्यांनी खाली येते. लांब कशाला जायचे? महाराष्ट्राच्या २०१२च्या मानव विकास अहवालात मुंबई ०.८४१वर होती आणि नंदुरबार ०.६०४वर. पुढच्या वेळी देशाचा क्रमांक वाचाल, तेव्हा आपल्या जिल्ह्याचा आकडाही शोधा, आणि सापडला नाही तर लोकप्रतिनिधीकडे मागा.