शाळेचें बोलकें वर्ष

विदर्भांतील ऊन कडक. म्हणून नागपुरांत मनीषनगरकडील शाळाहि जूनअखेरीसच उघडतात. लगेच १ ऑगस्ट येतो. १९२० सालीं त्या दिवशीं लोकमान्य टिळक निवर्तले. पुण्यतिथीला वक्तृत्वस्पर्धा ठरलेली. टिळक स्वतः ‘केसरी’चे संपादक, त्यांच्या नांवानें मुलें मात्र पुष्कळदां वडिलांनीं लिहिलेलें घोकून बोलतात. एक शब्द निसटला कीं सारें भाषण अडतें!

हस्तलिखितांत मजकूर मुलाचा, अक्षर त्याचें, आणि चूकहि त्याचीच. ती खोडली तरी पानावर दिसते.

हिवाळ्यांत स्नेहसंमेलनाचें नाटक. पाठांतर येथेंहि लागतेंच. परंतु समोरच्याचें वाक्य ऐकल्यावांचून आपलें बोलतां येत नाहीं, आणि तो विसरला तर सांवरून घ्यावें लागतें. ऑगस्टांत अडलेला मुलगा येथें बहुधा अडत नाहीं.